शेपटी हलली, फोटोही हलला!

घरात कुत्रा असेल आणि हाताशी कॅमेरा असेल, तर एक उद्योग तुम्ही नक्की करून पाहिला असेल. कुत्र्याला लांबून हाक मारायची, तो धावत आला की खटकन् बटण दाबायचं. आणि मग फोटोत काय दिसतं? एक तपकिरी पट्टा, त्याला कुठंतरी जीभ चिकटलेली! आजी विचारते, "हे काय रे, कुत्रा की धूर?"

यात कुत्र्याचाही दोष नाही आणि तुमचाही नाही. जरा गणित करू या. आपलं साधं गावठी कुत्रं मनात आणलं तर ताशी ३० किलोमीटर वेगानं सहज पळतं. म्हणजे एका सेकंदात सुमारे ८३३ सेंटिमीटर. आता संध्याकाळी अंगणात उजेड कमी असला, की कॅमेरा आपला पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो. समजा, त्यानं १/६० सेकंद उघडा ठेवला. ८३३ भागिले ६०, उत्तर सुमारे १४. पडदा उघडून मिटेपर्यंत कुत्रं तुमच्यासमोरून चौदा सेंटिमीटर पुढं गेलेलंसुद्धा असतं! मग फोटो पुसट येणार नाही तर काय होणार? तेच पडदा १/१००० सेकंदच उघडला, तर कुत्रं एक सेंटिमीटरही सरकत नाही. फोटोत मिशीचा केस न् केस दिसतो.

पण इतक्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश आत यायचा कसा? दार पटकन मिटायचं असेल, तर दार मोठं हवं. हे दार म्हणजे लेन्समधलं छिद्र. लेन्स हाच या सगळ्या गोष्टीचा नायक आहे. कॅमेरा कितीही भारी असो, लेन्स मंद असेल तर संध्याकाळचं कुत्रं धूरच दिसणार.

लेन्सच्या तोंडाशी बारीक अक्षरांत काही आकडे लिहिलेले असतात. पुष्कळ लोक ते वाचतच नाहीत. एखाद्या लेन्सवर ५० मिमी आणि १:१.८ असं लिहिलेलं असतं. यातला ५० म्हणजे भिंगाचं केंद्रांतर. विज्ञानाच्या पुस्तकात भिंगाच्या धड्यात आहे बघा, तेच. आणि १.८ म्हणजे? ५० ला १.८ नं भागा. येतात जवळपास २८. म्हणजे या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं, तर ते २८ मिलिमीटर रुंद, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठं. कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिमीची साधी लेन्स फुकट मिळते. ती ५० च्या आसपास नेली, की तिचा आकडा ५.६ होतो. ५० भागिले ५.६, म्हणजे नऊ मिलिमीटर. वाटाण्याएवढं! नाण्याएवढ्या भोकातून वाटाण्याएवढ्या भोकापेक्षा साडेनऊ-दहा पट प्रकाश आत येतो. मघाचा १/६० सेकंद मग १/६०० वर जातो, त्याच अंगणात आणि त्याच संध्याकाळी. म्हणून लक्षात ठेवा, हा दुसरा आकडा जितका लहान, तितकं दार मोठं.

"पण सर, अशी लेन्स महाग असते ना?" हा प्रश्न मला मुलं विचारतात, आणि पालक तर त्याआधीच विचारतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीचे पैसे हाती येतात, तेव्हा ते कुठं कुठं जाणार हे आधीच ठरलेलं असतं. त्यात लेन्स कुठून बसणार? म्हणून आज मी तुम्हांला नव्या लेन्सबद्दल सांगणारच नाही. जुन्या, वापरलेल्या लेन्सबद्दल सांगणार आहे.

जुना मोबाईल दोन-चार वर्षांत निकामी होतो. लेन्सचं तसं नसतं. काच ती काचच. नीट ठेवली तर वीस-तीस वर्षांची लेन्ससुद्धा आज चांगला फोटो देते. आणि सध्या जुन्या लेन्स स्वस्त व्हायला एक खास कारणही घडलं आहे. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोन्ही जपानी कंपन्यांनी आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांची मालिका काढली आणि लेन्स बसवायची खाचच बदलून टाकली. मधे एक जोडणी लावून जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालतात. पण लग्नाचे फोटो काढणाऱ्या अनेकांनी नवा कॅमेरा घेतला, की लेन्सही नव्याच घेतल्या. जुन्या गेल्या कपाटात. खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर अशा कुठल्याही बाजारपेठेच्या गावी स्टुडिओवाल्या काकांना विचारून बघा. मुंबईत फोर्टमधली बोरा बाजार गल्ली कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, तिथंही जुना माल मिळतो. पण मला विचाराल तर पहिली खरेदी आपल्याच तालुक्यात करावी. काही बिघडलं तर पुन्हा त्याच पायरीवर जाऊन उभं राहता येतं.

आमच्या शाळेतून चौथी होऊन गेलेला एक मुलगा आहे, आता नववीत. त्याच्या मामानं त्याला आपला जुना कॅनन १२०० डी कॅमेरा देऊन टाकला. बरोबर ती साधी १८-५५ लेन्स. या मुलाच्या घरी 'काळी' नावाची कुत्री आहे. वय बारा-तेरा वर्षं. कुत्र्याच्या मानानं ती पणजीच झाली. पोरगा रांगत होता तेव्हा ती त्याच्या पाळण्याखाली बसायची, असं त्याची आई सांगते. आणि घरात तिचा धड एकही फोटो नाही! आता काळीला नीट दिसत नाही, दिवसभर गोठ्यात पडून असते. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, यंदाच्या हिवाळ्यात तिचे फोटो काढाचे हायेत. पुढच्या हिवाळ्याचं काय सांगता येते?" साठवलेले पैसे होते साडेचार हजार. मागे वडील उभे. ते मला हळूच म्हणाले, "पैसे पाण्यात त नाई जातीन ना सर?"

त्याच्या मनात दोन लेन्स होत्या. एक, ५० मिमीची, १.८ वाली. दुसरी, ५५ ते २५० मिमीची, लांबचं जवळ आणणारी झूम. दोन्ही जुन्या घेतल्या तर जवळपास सारख्याच किमतीच्या. एकच घेता येणार होती.

दोन्हींतला फरक असा. ५० मिमीच्या लेन्सनं दोन मीटरवरून त्याच्या कॅमेऱ्यात साधारण ९० सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मावतं. उभं असलेलं मध्यम कुत्रं शेपटी सोडून जेमतेम बसेल, इतकं. २५० मिमीवर तेवढंच दृश्य दहा मीटरवरून मावतं. पाचपट केंद्रांतर, पाचपट अंतर. सरळ त्रैराशिक आहे. म्हणजे लांबून फोटो हवा तर झूम. पण २५० मिमीवर त्या झूमचा आकडा ५.६ च असतो, वाटाण्याच्याच जातीचा. सकाळच्या उन्हात ती झकास चालते. गोठ्यात किंवा दिवेलागणीला मात्र हात टेकते.

इथं एक फसवणूक सांभाळा. विकणारे सांगतात, "यात हात हलला तरी चालतो, आतच सोय आहे." कॅननवर त्याला आयएस म्हणतात, निकॉनवर व्हीआर. खरी गोष्ट आहे, पण अर्धी. ती सोय तुमचा हात सावरते, कुत्र्याचे पाय नाही! पळणारं कुत्रं थांबवायला छोटा आकडा किंवा भरपूर ऊन, यांतलं एक लागतंच.

मग ठरवायचं कसं? मी त्या मुलाला एक बिनपैशाचा उपाय सांगितला. आपली साधी १८-५५ लेन्स ५० वर फिरवायची आणि कडेला चिकटपट्टी लावून टाकायची. आठवडाभर ती हलवायची नाही. आहे त्यावरच काळीचे फोटो काढायचे. फोटो पुसट आले तरी चालेल. पाहायचं एवढंच, की कुत्रं चौकटीत बसतं का, की सारखं वाटतं अजून जवळ हवं होतं. आठ दिवसांनी तो आला. काळी गोठ्यातच पडून असते, पाहिजे तेवढं जवळ जाता येतं, ५० पुरते. फोटो अंधारे येतात, एवढीच तक्रार. झालं तर! त्याला ५० ची हवी होती. त्याच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीनं हाच प्रयोग केला असता तर उत्तर उलटं आलं असतं. तिच्या शेतात हिवाळ्यात खतासाठी मेंढरं बसवतात, आणि तिला मेंढपाळांच्या कुत्र्यांचे फोटो हवे आहेत. त्या राखणदार कुत्र्यांच्या दोन मीटर जवळ जायचं? छे! तिथं झूमच पाहिजे.

तुमच्याजवळ निकॉनचा कॅमेरा असेल तर आणखी एक गाठ आहे. निकॉनच्या डी ३००० ते डी ३५०० आणि डी ५००० ते डी ५६०० या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. लेन्सवर एएफ-एस असं लिहिलं असेल तर मोटर आहे. नुसतं एएफ आणि पुढे डी असेल, तर ती लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हातानं फिरवावा लागेल. हलणाऱ्या कुत्र्यावर हातानं फोकस करणं म्हणजे पाऱ्याला चिमटीत धरणं! स्वस्त मिळते म्हणून अशी लेन्स घेऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत. कॅननचं सोपं आहे. १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स कॅननच्या सगळ्या ईओएस डीएसएलआर कॅमेऱ्यांवर चालतात आणि मोटर त्यांच्यातच असते.

आम्ही तिघं, म्हणजे तो, त्याचे वडील आणि मी, एका रविवारी तालुक्याच्या एका स्टुडिओत गेलो. खिशात एक छोटी बॅटरी होती, शेजारी कॅमेरा आणि दप्तरात एक वर्तमानपत्र. मालकांनी पहिली लेन्स काढली, वरून अगदी चकचकीत, नव्यासारखी. किंमत पाच हजार. मुलाचे डोळे चमकले. मी लेन्सची दोन्ही झाकणं काढली, एका बाजूनं तिरपी बॅटरी मारली आणि दुसऱ्या बाजूनं आत पाहिलं. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे! ती बुरशी. पावसाळ्यात लेन्स बंद पेटीत राहिली की काचेवर बुरशी चढते आणि हळूहळू काचच खाते. ती साफ करायला लेन्सच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. लेन्स परत दिली.

मालकांनी मग दुसरी काढली. बाहेरून खरचटलेली, अक्षरं झिजलेली. आत बॅटरी मारली तर धुळीचे चार कण, बाकी काच निर्मळ. धुळीला घाबरू नका, चार कण फोटोत दिसत नाहीत. बाहेरची झीजसुद्धा चालेल. लेन्स झिजलेली आहे म्हणजे ती कामात होती. मला तर कपाटात निजलेल्या लेन्सपेक्षा कामातली लेन्स बरी वाटते. ही १९९० साली आलेल्या जातीची होती, मागची कडी प्लॅस्टिकची. २०१५ साली आलेली नवी जात धातूच्या कडीची आहे आणि तिची मोटर आवाज करत नाही. जुनीची मोटर किर्र करते. कुत्र्याच्या फोटोला हा दोष फार वाईट नाही, आवाज ऐकून कुत्रं कान टवकारतं!

लेन्स कॅमेऱ्यावर चढवली. वर्तमानपत्र टेबलावर तिरपं पसरलं, मधल्या एका मथळ्यावर फोकस केला आणि दार सताड उघडं ठेवून, म्हणजे १.८ वरच, फोटो काढला. फोटो मोठा करून पाहिला. तोच मथळा ठळक आला होता. अलीकडची किंवा पलीकडची ओळ ठळक आली असती तर फोकस चुकीचा आहे असं समजायचं. असे दहा-बारा फोटो काढले. मग आकडा ८ वर नेऊन काढला. छिद्राच्या पाती अडकत असतील तर इथं कळतं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर चूक दाखवली जाते किंवा फोटो पांढराफटक येतो. सगळं ठीक होतं. भाव झाला चार हजार. मालकांनी साध्या कागदावर लेन्सचा क्रमांक, तारीख आणि "आठ दिवसांत अडचण आल्यास परत" असं लिहून सही करून दिलं. हा कागद जरूर मागा. आणि पालकहो, न पाहिलेल्या लेन्सचे पैसे फोनवरून आगाऊ पाठवायचे नाहीत. विकणारा कितीही गोड बोलला तरी नाही.

आता फोटो कसा काढायचा? पहिली गोष्ट, खाली बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत कुत्र्याची पाठच दिसते. एलियट अर्विट नावाचे एक मोठे छायाचित्रकार होऊन गेले, २०२३ साली वारले. त्यांनी कुत्र्यांचे फोटो आयुष्यभर काढले, त्यांची पुस्तकं झाली. त्यांचा १९७४ सालचा न्यूयॉर्कमधला एक फोटो फार गाजला. फोटोत एक टोपी घातलेलं टीचभर कुत्रं आहे, शेजारी बाईचे बूट आहेत आणि त्यांच्या बाजूला दोन उंचच उंच पाय. नीट पाहिल्यावर कळतं, ते पाय एका भल्यामोठ्या कुत्र्याचे आहेत! कॅमेरा जमिनीलगत होता म्हणूनच ही गंमत झाली.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. ५० मिमीच्या लेन्सनं १.८ वर, एक मीटरवरून फोटो काढला, तर ठळक भाग असतो जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर जाडीचा. डोळे ठळक असतील तर नाक पुसट होणार, कारण कुत्र्याचं नाक लांब! म्हणून फोकस नेहमी डोळ्यावर धरा. सगळा चेहरा हवा असेल तर थोडं मागं सरका किंवा आकडा ४ वर न्या. झोपलेल्या काळीचा फोटो १.८ वर काढायची गरजच नाही, तिला काय घाई आहे?

काळ्या कुत्र्याचं आणखी एक. कॅमेऱ्याला वाटतं जगात सगळं करडंच आहे. चौकटभर काळं कुत्रं दिसलं, की तो उजेड वाढवून त्याला राखाडी करून टाकतो. तेव्हा उजेडाची खूण उणेकडे एक घर सरकवा. पांढऱ्या कुत्र्याला उलट, अधिककडे. फ्लॅश मात्र नको. कुत्रं बिचकतं आणि डोळे भुतासारखे हिरवे येतात.

आणि हे अगदी नीट ऐका. बाहेरच्या कुत्र्याचा फोटो कधीही एकट्यानं काढायचा नाही. पिल्लांजवळची कुत्री, खाणारं कुत्रं, साखळीनं बांधलेलं कुत्रं आणि कुत्र्यांची टोळी, यांच्या जवळ ५० ची लेन्स घेऊन जायचं नाही, म्हणजे नाही. झूम असेल तर लांबून काढा, नसेल तर तो फोटो सोडून द्या. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच मोठ्या माणसांना सांगून दवाखान्यात जायचं. घरी रागावतील म्हणून लपवायचं नाही. लुई पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिल्यांदा ही लस दिली. तेव्हापासून रेबीजवर उपाय आहे, पण तो आजार दिसायच्या आधीच करावा लागतो.

कॅमेऱ्यातून किंवा नुसत्या लेन्समधूनही सूर्याकडे कधी पाहू नका. डोळा जातो.

काही मुलं म्हणतील, आमच्याकडे कुठं जातिवंत कुत्रा आहे? अहो, रस्त्यावरचा आपला गावठी मोती हाच या मातीतला जुना रहिवासी. त्याचे कान, त्याची वळलेली शेपटी, त्याचं सावध उभं राहणं, सगळंच फोटोत छान येतं. आणि देशी जातींचं कौतुक टपाल खात्यानंही केलं आहे. २००५ साली मुधोळ, राजापालयम, रामपूर आणि हिमालयी मेंढपाळ या चार कुत्र्यांची तिकिटं निघाली होती. आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात, तो मुधोळचाच भाऊबंद. असा सडपातळ, उंच पायांचा कुत्रा पळताना टिपायचा असेल तर १/१००० च्या खाली येऊ नका, आणि सकाळचं ऊन गाठा.

लेन्स घरी आली की ती सांभाळायची कशी? चामड्याच्या किंवा कापडाच्या पेटीत कोंडून ठेवू नका, त्यात दमट हवा साठते आणि बुरशी लागते. एक घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या मिळतात, त्या त्यात टाका, अधूनमधून बदला. लहान भावंडांच्या हाती त्या पुड्या लागू देऊ नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा. शर्टाच्या टोकानं काच पुसायची सवय असेल तर ती आजच सोडा. आधी फुंकणीनं धूळ उडवायची, मग मऊ, स्वच्छ कापड.

काळीचे फोटो डिसेंबरात झाले. सकाळी आठच्या सुमाराला गोठ्याच्या दारातून तिरपं ऊन आत येतं, तेवढी वीस मिनिटं तो रोज तिच्यापुढं मांडी घालून बसायचा. जवळजवळ दोनशे फोटो काढले. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी आग्फाच्या क्लिक-३ कॅमेऱ्यात एका रिळावर फक्त बारा फोटो निघत! दोनशेतले नऊ निवडले. त्यातला एक मला विशेष आवडला. काळीचे डोळे निळसर झाले आहेत, पण आवाजाच्या दिशेनं तिनं मान उचलली आहे आणि एक कान उभा आहे. त्या किर्र मोटरचाच तो आवाज असणार.

उरलेल्या पाचशे रुपयांतून त्यानं नऊच्या नऊ फोटो छापून घेतले. कार्ड बिघडतं, फोन हरवतो, कागद राहतो. तुम्हीही छापून घ्याल तेव्हा फोटोच्या मागे पेन्सिलीनं कुत्र्याचं नाव, गाव आणि तारीख लिहा. बॉलपेननं नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.